टाकीतला पाचवा पाहुणा

१

पाहुणे चार होते. टाकीतून पाच निघाले.

शरीररचना विभागाच्या त्या लांबट हॉलमध्ये मृतदेह हा शब्द कुणी वापरत नसे. मरणानंतर आपला देह विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देऊन गेलेली माणसं तिथे ‘पाहुणे’ म्हणून ओळखली जात. हा पायंडा टाकीवाल्या काकांनी पाडलेला. देह टिकवायच्या द्रावणात बुडवून ठेवत त्या टाकीचं झाकण उघडण्याआधी ते क्षणभर डोळे मिटून उभे राहत आणि हलक्या आवाजात विचारत, “येऊ का?” नवीन मुलं तोंड दाबून हसत. थोडे दिवस गेले की तीही आपसूक थांबायला शिकत.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी काकांनी तसंच विचारलं आणि झाकण सरकवलं. दुसऱ्याच क्षणी ते मागे हटले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, खोकल्याची उबळ आली.

“काका, काय झालं?” सोबतच्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलं.

“टाकी तिखट झालीय.”

“टाकी आणि तिखट? भाजी आहे का ती?”

काका हसले नाहीत. जन्म त्या वासात गेला होता त्यांचा. नाकाला रुमाल बांधून त्यांनी साखळी सोडली आणि एकेक पाहुणा वर घेतला. हात लावताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. पाहुणे लाकडासारखे कडक झाले होते. चौथा बाहेर आला, आणि साखळीचा आकडा तळाशी पुन्हा कशाततरी अडकला.

काकांनी वाकून पाहिलं. तळाशी दोन पावलं दिसत होती. पावलांत मोजे होते.

पाहुण्यांच्या पायात मोजे नसतात.

वर घेतलेला देह पालथा होता. शिकाऊ डॉक्टरनं तो सरळ केला आणि स्वतः मागे सरून भिंतीला टेकला. काका मात्र जवळ गेले, स्वतःच्या रुमालानं त्या चेहऱ्यावरचं पाणी टिपलं आणि म्हणाले, “सर, तुम्ही इथे कसे?”

विभागप्रमुख, ज्यांना सगळं कॉलेज मोठे सर म्हणे, ते दर सुट्टीत एकटे भटकायला जात. यंदाही तसेच गेले असतील, असं सगळे धरून चालले होते.

२

तपासाला आलेल्या बाई अगदी हळू बोलत. इतक्या हळू, की समोरच्याला पुढे झुकावं लागे. आणि झुकून बसलेल्या माणसाला खोटं बोलताना अवघडतं, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. त्यांच्या हाताखालचे फौजदार बरोबर उलटे. त्यांचा आवाज जिन्याखालीसुद्धा ऐकू जाई.

“सोपं आहे बाई,” फौजदार म्हणाले. “डोक्यात मागून घाव. मग टाकी रिकामी केली, पाहुण्यांच्या खाली यांना ठेवलं आणि टाकी पुन्हा भरली. तळाशी दुसरं कसं ठेवणार? हॉलच्या किल्ल्या दोन. एक सरांकडे, ती गायब. दुसरी या म्हाताऱ्याच्या कमरेला. सुट्टीआधी दोघांचं भांडण झालं, अर्ध्या कॉलेजनं ऐकलं. आणि सुट्टीत हा इथे येऊन गेला, पहारेकऱ्यानं पाहिलं. अजून काय पाहिजे?”

“टाकी भरणं सोपं असतं का हो?” बाईंनी विचारलं.

“यालाच येतं ते. दुसऱ्या कुणाला जमणार?”

काका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. बाई स्वतः खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

“भांडण कशावरून झालं, काका?”

“भांडण नव्हतं ते. सर ओरडले. म्हणाले, या वाफेनं छाती पार गेली तुमची, किल्ली ठेवा आणि घरी बसा. मी म्हटलं, या लोकांना सोडून कुठे जाऊ? घरी माझं कोण आहे?”

“आणि सुट्टीत कशाला आलात?”

“बाहेरून फेरी मारली. दार बंद होतं. मी आत गेलो नाही.” काका थांबले. “गेलो असतो, तर बरं झालं असतं.”

फौजदारांनी नाक मुरडलं. “रोज मेलेल्यांशी बोलणारा माणूस, बाई. याचं काय खरं मानायचं?”

“जिवंतांशी बोलून तरी काय मोठं खरं हाती लागतं आपल्या?” बाई म्हणाल्या आणि उठल्या. भिंतीवर एक जुनी पाटी होती. रंग उडालेला, पण अक्षरं स्पष्ट: टाकी – दहा टक्के.

“टाकीतलं थोडं पाणी प्रयोगशाळेत पाठवा,” त्यांनी सांगितलं.

“पाणी कशाला? पाण्यानं खून केला का?”

“काकांचे डोळे अजून लाल आहेत. इतकी वर्षं ज्या टाकीनं त्यांना रडवलं नाही, ती आजच का रडवते, ते बघू या.”

काकांना घेऊन गेले. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, “पाहुण्यांवर चादर घालाल ना?” वरिष्ठांनी बाईंना बजावलं होतं: आठवड्याच्या आत आरोपपत्र जाईल. तोवर दुसरं कुणी सापडलं नाही, तर हा म्हातारा उरलेलं आयुष्य गजांआड काढणार, हे उघड होतं.

३

कॉलेजला लागूनच रुग्णालय होतं, आणि तिथल्या औषध विभागाचे प्रमुख म्हणजे मोठ्या सरांचे मेहुणे. सरांच्या दिवंगत पत्नीचे सख्खे भाऊ. सरांची एकुलती एक मुलगी त्यांना मामा म्हणे, म्हणून सगळा विभागही मामाच म्हणे.

बाई गेल्या तेव्हा मामा काम करत होते. शस्त्रक्रियेत काढलेले नमुने ठेवायच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. एक माप निळ्या कॅनमधलं, नऊ मापं पाणी. एक माप कॅनमधलं, नऊ मापं पाणी. हात आपोआप चालत होता.

“दुःख झालं का, असंच विचारायचंय ना?” वर न बघता मामा म्हणाले. “नाही झालं. लिहून घ्या.”

“मी काही लिहीत नाही.”

“मग ऐका. माझी बहीण गेली तेव्हा मी बाहेरगावी होतो. परत येईपर्यंत या माणसानं तिला त्या हॉलमध्ये देऊन टाकलं होतं. म्हणे, तिचीच इच्छा होती. तेव्हा मला तिचा चेहरासुद्धा बघता आला नाही हो. राखसुद्धा नाही. पोरंटोरं तिच्यावर शिकली.” त्यांचा हात मापावर थांबला. “त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.”

“हॉलमध्ये कधी गेलात?”

“एकदाच. त्या टाकीवाल्यानं बोलावलं होतं. म्हणाला, ताईंना निरोप द्यायचा तर या, मी बाहेर थांबतो.” मामांनी चष्मा काढून पुसला. “त्यानं तिला ताई म्हटलं. तो कधी खून करेल असं मला वाटत नाही. मी केला असता एक वेळ.”

“केला का?”

“नाही. पण बातमी कळली तेव्हा मी गप्प बसून होतो, रडू आलं नाही. याची लाज वाटतेय, बाई. तुरुंगात टाकता येईल असं ते काही नाही.”

बाई निघता निघता दाराशी थांबल्या. “भाचीकडे जाता का कधी?”

“जायचो. जावयाला आवडत नाही. फाटकावरच चहा पाजतो आणि वाटेला लावतो. ती कामात आहे, झोपली आहे, डोकं दुखतंय.” मामांनी पुढची बाटली ओढली. “सारखं डोकं दुखतं त्या पोरीचं.”

४

जावई त्याच कॉलेजात जीवरसायन शिकवत. घर जवळच, छोटी बाग असलेलं. फाटकातून आत शिरताना बाईंची नजर व्हरांड्यातल्या कुंड्यांवर गेली. सगळी झाडं मेली होती. पानं करपून तपकिरी झालेली. बाईंनी सहज बोट लावून पाहिलं. माती ओली होती.

जावई दारात उभे होते. उंच, गोड बोलणारे, केस नीट विंचरलेले.

“या, या. फार वाईट झालं. सासरे म्हणजे देवमाणूस. त्या म्हाताऱ्याला दया दाखवून ठेवून घेतलं, त्याचं हे फळ.”

मुलगी आतून पाण्याचे पेले घेऊन आली. उन्हाळा रणरणत होता, तरी तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. पेला ठेवताना बाही वर सरकली तशी तिनं घाईनं खाली ओढली.

“बाबा शेवटचे कधी भेटले?” बाईंनी विचारलं.

“सुट्टी लागायच्या आधी फोन...” तिनं सुरुवात केली.

“फोनवर बोलणं झालं होतं,” जावई म्हणाले. “फिरायला निघतो म्हणाले. ते दर वर्षीच जातात.”

बाई मुलीकडेच बघत राहिल्या. “तुला काय म्हणाले?”

ती नवऱ्याकडे पाहून मग जमिनीकडे बघू लागली. “म्हणाले, सुट्टी लागली की येतो. मी वाट बघत होते. आले नाहीत.” जरा वेळानं ती इतकंच म्हणाली, “मला वाटलं, रागावले असतील. मीच आधी म्हटलं होतं, येऊ नका म्हणून.”

“हिचं मन हळवं आहे,” जावई हसले. “जा, चहा ठेव.”

ती गेली. जावई खुर्चीत रेलले. बोलता बोलता ते उजव्या हाताच्या बोटांची सालपटं काढत होते. बोटांची टोकं पांढुरकी, कोरडी पडली होती.

“हाताला काय झालं?”

“काचेची भांडी धुऊन धुऊन. आमच्या विभागात मदतनीस नाहीत, सगळं आपणच.”

“मला रसायनातलं काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “हे टक्के म्हणजे नेमकं काय हो? टाकीवर दहा टक्के लिहिलंय.”

जावयांचा चेहरा उजळला. शिक्षकाला विचारलं की तो सांगतोच.

“हाच तर गोंधळ आहे! मुलांनाही कळत नाही. द्रावण किती तीव्र आहे हे सांगायच्या कितीतरी पद्धती. वजनाचे टक्के, आकारमानाचे टक्के. आम्ही रसायनवाले तर टक्के वापरतच नाही फारसे, मोलमध्ये मोजतो, म्हणजे पदार्थाचे कण किती ते. अगदी विरळ असेल तर दशलक्षात किती भाग ते सांगतात. लोक नुसतं ‘टक्के’ म्हणतात. मी वर्गात पहिला प्रश्न विचारतो, कशाचे टक्के? ज्याला उत्तर येत नाही त्याला उभं करतो.”

“आणि टाकीचं?”

“सोपं. फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू असतो, तो पाण्यात विरघळवून टाकीत भरतात. दहा टक्के म्हणजे शंभर भागांत दहा भाग तो. झालं.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. चहा आला. तो पिऊन त्या निघाल्या. फाटकापर्यंत जावई सोडायला आले.

“झाडं का मेली हो?”

“बायकोला बागेची आवड, पण हात नाही,” जावई म्हणाले.

५

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा फौजदारांनी टेबलावर थाप मारली.

“घ्या! पाटीवर दहा टक्के, अहवालात फॉर्मल्डिहाइड दहा टक्के. दहा म्हणजे दहा! रोजच्या सवयीनं त्यानंच भरली. परक्या माणसाला इतकं अचूक जमेल?”

बाईंनी अहवाल पुन्हा वाचला. त्यांच्या डोळ्यांसमोर मामांचा हात येत होता. एक माप कॅनमधलं, नऊ मापं पाणी.

“चला,” त्या उठल्या.

“आता कुठे?”

“मामांना एक प्रश्न विचारायचा राहिला.”

मामांनी प्रश्न ऐकला आणि चकित होऊन बघितलं. “कॅनमध्ये काय असतं म्हणजे? फॉर्मालिन. निव्वळ फॉर्मल्डिहाइड कुठे मिळतं? तो तर वायू. पाण्यात विरघळवूनच विकतात. शंभरात चाळीसच्या आसपास.”

“आणि तुम्ही दहा टक्के म्हणता तेव्हा?”

“कॅनमधलं दहा भाग, पाणी नव्वद भाग. एकास नऊ. टाकी असो की बाटली, या धंद्यात सगळे असंच करतात. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं, त्यांना त्यांच्या. हिशोब कोण करतंय?”

“मग त्यात निव्वळ फॉर्मल्डिहाइड किती राहिलं?”

मामांनी बोटांवर हिशोब केला. “कॅनमध्ये चाळीस. त्याचा दहावा हिस्सा. चार.”

“चार,” बाई म्हणाल्या.

फौजदारांची भुवई वर गेली. “थांबा, थांबा. म्हणजे पाटीवर दहा लिहिलंय, आणि टाकीत खरं चारच असतं?”

“हो. पाटीवर लिहिलंय ते कॅनमधल्या फॉर्मालिनचे दहा टक्के. प्रयोगशाळा मोजते ते निव्वळ फॉर्मल्डिहाइड. दुधात आधीच पाणी असेल आणि त्या दुधाचा एक पेला घेऊन आपण त्यात नऊ पेले पाणी घातलं, तर खरं दूध किती उरेल? काकांनी टाकी भरली असती, तर अहवालात चार यायला हवे होते. दहा आले. अडीच पट. म्हणून टाकी तिखट झाली, म्हणून पाहुणे कडक झाले.”

“म्हातारा चुकला असेल. खून करून हात थरथरले असतील.”

“तेही बघू.”

हॉलच्या कपाटात काचेची एक बरणी होती. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, काकांनी तीत टाकीतलंच पाणी भरून एक मूत्रपिंड ठेवलं होतं. बाईंनी त्यातलं थोडं तपासायला पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं.

चार.

फौजदारांनी तो कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “म्हणजे जुळलं म्हणून मी खूश होतो, आणि जुळलं हेच चुकीचं होतं.”

“दहाचे खरोखरच दहा करणारा माणूस त्या हॉलचा नाही,” बाई म्हणाल्या. “त्यानं पाटी वाचली, आणि हिशोब केला.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिघांना कॉलेजच्या एका रिकाम्या खोलीत बोलावलं. काका आणि मामा बाहेर बाकावर बसले. आधी आत गेले जावई. टेबलावर निळा कॅन, पाण्याचं भांडं, मोजायचं पात्र, एक रिकामी बाटली.

“फार त्रास देते तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “अहवालात दहा टक्के आलेत. आमच्या फौजदारांना दहा टक्के करतात कसं, हेच कळत नाहीये. तुमच्यासारख्या जाणकारानं एकदा करून दाखवलं, तर उद्या कोर्टात मला सांगता येईल.”

“त्यात काय एवढं,” जावई म्हणाले. त्यांनी हातमोजे चढवले, कॅन फिरवून त्यावरचं लेबल वाचलं. “शंभरात चाळीस. आपल्याला हवेत दहा. चाळीसचे दहा करायचे, म्हणजे चौपट पातळ करायचं.” एक माप कॅनमधलं ओतलं, तीन मापं पाणी. बाटली हलवून समोर ठेवली. “दहा टक्के. कुठेही तपासून घ्या.”

“एकास तीन,” बाई म्हणाल्या. “अगदी नक्की?”

“मी हे शिकवतो, मॅडम.”

जावयांना तिथेच थांबवून मग मामांना आत बोलावलं. त्यांना तेच सांगितलं. त्यांनी कॅनवरचं लेबल पाहिलंही नाही. एक माप, नऊ मापं. मग काका आले. मोजताना एक थेंब सांडला नाही. एक माप, नऊ मापं. बाटली ठेवून ते बाजूला उभे राहिले.

बाईंनी बाटल्या ओळीनं मांडल्या. टेबलावर तीन बाटल्या होत्या. दोन सारख्या, एक वेगळी.

जावयांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला, पण ते बोललेच, “मग? यांची पद्धत चूक आहे. अडाणी धंदा. मी केलं ते बरोबर आहे!”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की जावई नकळत पुढे झुकले. “तुम्ही बरोबर केलंत. टाकीतही बरोबरच केलंत.”

फौजदार दाराला टेकून उभे राहिले.

“याला पुरावा म्हणतात का?” जावई उसळले. “ असा हिशोब करणारे शेकडो आहेत!”

“खरंय. म्हणून काल तुम्ही वर्गात होतात तेव्हा आम्ही तुमच्या घरी गेलो. टाकी रिकामी करून भरलीय हे कळू नये, म्हणून तुम्ही रिकामे कॅन हॉलमध्ये ठेवले नाहीत, घरी नेले. बायकोला सांगितलंत, बागेला पाणी घालायला आणलेत. तिनं न धुता त्यातून पाणी घातलं. ओल्या मातीत झाडं का मेली, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. प्रत्येक कॅनच्या कडेला लाल रेघ आहे.”

“मीच मारतो ती,” काका पुटपुटले. “हॉलचे कॅन बाहेर जाऊ नयेत म्हणून.”

जावई हातमोजे काढून स्वतःच्या बोटांकडे बघू लागले. सालपटं निघालेली ती बोटं.

“आणि तुमच्या विभागातलं कुलूपबंद कपाटही उघडलं,” बाई म्हणाल्या. “आत सरांची हॉलची किल्ली होती. टाकी पुन्हा बघावी लागली तर, म्हणून ठेवली असेल. आणि त्यांची एक बॅग.”

बॅग म्हणताच जावई मटकन खुर्चीत बसले.

“फाटकावर आले होते,” ते म्हणाले. “मुलीला न्यायला आलोय म्हणाले. माझ्या घरातून! मी म्हटलं, ती कॉलेजमध्ये आहे, चला. तिथे हॉलमध्ये आल्यावर माझ्यावरच ओरडायला लागले. माझ्या बायकोशी मी कसं वागायचं, हे मला...” 

मामा उठले. बाईंना वाटलं हा माणूस आता अंगावर धावून जाणार. पण मामा फक्त जावयाच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सारखं डोकं दुखायचं ना रे तिचं?”



७

काकांना सोडलं तेव्हा ते घरी गेले नाहीत. बाईंना त्यांनी विचारलं, “सरांना नीट ठेवलंय ना?”

“हो. निरोपाची तयारी चाललीय.”

“आणि बाकीचे चौघं? त्यांना त्या तिखट पाण्यात नाही ना ठेवलं?” उत्तर मिळायच्या आत ते हॉलकडे वळलेसुद्धा. थोड्या वेळानं टाकीचा नळ उघडल्याचा आवाज आला, मग कॅन सरकवल्याचा. दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता: “जरा थांबा, झालंच.”

बाई मुलीच्या घरी गेल्या, बॅग घेऊन. सोबत मामा. करपलेल्या कुंड्या अजून तिथेच होत्या. मुलगी पायरीवर बसली होती. नवऱ्याला नेल्यापासून ती तशीच बसून होती, असं शेजारीण म्हणाली. डोळे कोरडे होते.

“मला कळलं सगळं,” ती म्हणाली. “पण एक कळत नाही. मीच येऊ नका म्हटलं होतं. भीतीनं म्हटलं होतं. ते रागानं नाहीच आले असं मला वाटत राहिलं. इतके दिवस मी बाबांवर रुसून होते. ते त्या तळाशी होते आणि मी रुसून होते.”

बाईंनी बॅग तिच्या पुढ्यात ठेवली. “ही त्यांच्याजवळ होती.”

तिनं बॅग ओळखली. वडिलांची फिरायला जायची, कोपरा उसवलेली. तिनं चेन उघडली आणि आत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

“यात तर काहीच नाही.”

“नाही.”

“ते फिरायला चालले होते ना? कपडे कुठेत? दाढीचं सामान?”

 काही गोष्टी दुसऱ्यानं सांगून चालत नाहीत.

मुलगी त्या रिकाम्या बॅगेत हात घालून बसून राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि इतक्या दिवसांचं पाणी एकदम डोळ्यांतून आलं.

“माझे कपडे न्यायला,” ती म्हणाली.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं ती उठली. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, काळेनिळे वळ तिनं लपवले नाहीत. बॅग उचलून ती आत गेली, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघांना कपाट उघडल्याचा आवाज ऐकू आला.